महंमद अली आधी जन्मला असता तर

एका काळातील माणूस उचलून दुसऱ्या काळात नेऊन उभा करावा आणि तेथे तो कसा निभावला असता याचे अंदाज बांधत राहावे, हा मनुष्यस्वभावाचा फार जुना विरंगुळा आहे. लग्नाच्या मांडवात, चहाच्या दुकानात, गाडीच्या डब्यात हा खेळ रंगतो. आजचा फलंदाज शिरस्त्राणावाचून वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांपुढे उभा राहिला असता काय, आजचा गायक ध्वनिक्षेपकावाचून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला असता काय, असे वाद आपण सर्वांनी ऐकले आहेत. त्यांचा निकाल कधी लागत नाही आणि म्हणूनच ते कधी शिळेही होत नाहीत. मुष्टियुद्धाच्या जगात असा एक वाद महंमद अलीच्या नावाने गेली अनेक दशके चालू आहे. अली १९६० च्या दशकाऐवजी पन्नास-पाऊणशे वर्षे आधी रिंगणात उतरला असता, तर तो जगज्जेता झाला असता काय?

एका धर्मगुरूने ठोशांच्या खेळावर लेखणी चालवावी याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमची या विषयाशी ओळख झाली ती २० जुलै १९९६ च्या सकाळी. सेमिनरीतील आम्ही काही विद्यार्थी दूरदर्शन संचासमोर बसून अटलांटा ऑलिंपिकचा उद्‍घाटन सोहळा पाहत होतो. अखेरची मशाल कोणाच्या हाती जाणार हे गुपित होते. ती अलीच्या हाती गेली आणि त्याचा हात थरथरताना साऱ्या जगाने पाहिला. पार्किन्सनच्या आजाराचे निदान १९८४ मध्येच झाले होते. तो कोण होता, हे आम्ही त्यानंतर शोधू लागलो. पुढे जुन्या लढतींच्या चित्रफिती पाहिल्या, पुस्तके वाचली आणि वरील वादात आमच्या मनानेही भाग घेतला. तो आमचा विरंगुळा आजही सुटलेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडून मिळवण्याचा एक प्रयत्न होऊन गेला आहे. १९६७ मध्ये मायामीच्या मरी वोरोनर नावाच्या निर्मात्याने सर्व काळांतील जगज्जेत्यांची माहिती संगणकात घातली आणि त्यांच्या काल्पनिक लढती रेडिओवरून ऐकवल्या. त्यात अली हा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जिम जेफरीजकडून हरला. आपली बदनामी झाली म्हणून अलीने दहा लक्ष डॉलरचा दावा लावला. तडजोडीतून नवी कल्पना निघाली. १९५६ मध्ये एकही लढत न हरता, ४९ विजय मिळवून निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो आणि त्या वेळी रिंगणातून बहिष्कृत असलेला अली, या दोघांना १९६९ मध्ये समोरासमोर उभे करून एकेका मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या चित्रित करण्यात आल्या. मार्सियानोचे वय तेव्हा ४५ होते. त्याने वजन उतरवले आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. कोणता शेवट खरा, हे संगणक ठरवणार होता. २० जानेवारी १९७० रोजी चित्रपटगृहांतून ही लढत दाखवली गेली, तेव्हा अमेरिकेतील प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकलेला पाहिला. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला! मार्सियानो हा निकाल पाहण्यास उरला नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, शेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विमान अपघातात त्याचा अंत झाला होता.

दोन खंडांतील प्रेक्षकांना दोन निकाल देणाऱ्या यंत्राला आम्ही दोष देत नाही. जे घातले तेच त्याने परत दिले. आपले मनही पुष्कळदा असेच करते. म्हणून निकालाची घाई न करता, आधीचा काळ म्हणजे नेमके काय होते, ते प्रथम पाहणे बरे.

८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यातील रिचबर्ग येथे जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन हे उघड्या मुठींनी लढले. लढत ७५ फेऱ्या, म्हणजे दोन तासांहून अधिक काळ चालली. त्या वेळच्या नियमांत फेरीला घड्याळाचे बंधन नव्हते. कोणीतरी खाली पडला की फेरी संपे. प्रतिस्पर्ध्याला कवेत घेऊन आपटणे नियमाला धरून होते. पडलेल्यास ३० सेकंद विश्रांती मिळे आणि आणखी ८ सेकंदांत मध्यरेषेवर येऊन उभे राहावे लागे. पायाखाली ताणलेले कापड नव्हते, उघडी जमीन होती. अलीचे सारे वैभव त्याच्या पायांत होते. तीन मिनिटे नाचत राहायचे, हात खाली सोडून प्रतिस्पर्ध्याचा ठोसा तसूभर अंतराने चुकवायचा आणि एक मिनिट बसून दम घ्यायचा, ही कला तीन मिनिटांच्या फेरीच्या पोटी जन्मली. अशा अलीला १८८९ च्या गवतावर नेऊन सोडले, तर पहिला अर्धा तास तो सलिव्हनला हैराण करील. पुढे एकदा कवेत सापडला की आपटला जाईल. शिवाय उघड्या मुठीने डोक्यावर वारंवार मारले तर मारणाऱ्याचीच बोटे मोडतात. अलीचा मारा तर बहुतेक डोक्यावरच असे. आमचे मत विचाराल तर त्या मैदानावर अलीचा निभाव लागणे कठीण होते.

आता वीस वर्षे पुढे येऊ. हातमोजे आले, तीन मिनिटांची फेरी आली. परंतु फेऱ्यांची संख्या अवाढव्य राहिली. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॅक जॉन्सन आणि जिम जेफरीज यांची लढत ४५ फेऱ्यांची ठरली होती. ती पंधराव्या फेरीत संपली. ५ एप्रिल १९१५ रोजी हवानाच्या उन्हात जॉन्सन हरला तो सव्विसाव्या फेरीत. अलीच्या सर्वांत कठोर लढतीत, १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे, जो फ्रेझरच्या शिक्षकाने चौदा फेऱ्यांनंतर माघार घेतली, तेव्हा विजेत्या अलीच्या अंगातही उभे राहण्याचे त्राण उरले नव्हते. ४५ फेऱ्यांसाठी त्याला स्वतःची चाल बदलावी लागली असती. ती तो बदलू शकला असता, असे आम्हांस वाटते. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे नाचणे सोडून, दोरांना रेलून त्याने जॉर्ज फोरमनला दमवले आणि आठव्या फेरीत पाडले. परिस्थिती पाहून शहाणपण बदलणारा तो माणूस होता.

नियमातील एक बारीक फरक मात्र आम्हांस फार बोलका वाटतो. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हाताच्या ठोशाने अली पाठीवर कोसळला. तो लगेच उठला आणि फेरी पूर्ण करून गुणांवर हरला. हीच घटना १८८९ मध्ये घडती, तर त्या पडण्याने त्याला ३० सेकंदांची विश्रांती मिळाली असती. ती १९१९ मध्ये घडती, तर फ्रेझर त्याच्या शेजारी उभा राहून तो उठताक्षणीच पुन्हा मारू शकला असता. त्या वर्षी जॅक डेम्प्सीने जेस विलार्डला पहिल्याच फेरीत असेच सात वेळा पाडले होते. पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहावे, हा नियम कडकपणे लागू झाला त्यानंतर. तोच माणूस, तोच ठोसा, तेच पडणे. तीन काळांत त्याचे तीन अर्थ.

येथवर आपण अलीला जसाच्या तसा उचलून मागे नेले. परंतु ‘आधी नेला असता’ आणि ‘आधी जन्मला असता’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वाद घालणारे बहुधा पहिलाच घेऊन बसतात. दुसरा अधिक अवघड आहे.

१९५४ मध्ये लुइव्हिल शहरात बारा वर्षांच्या कॅशियस क्लेची सायकल चोरीस गेली. चोराला बदडून काढीन, असे तो रडत रडत एका पोलिसाला म्हणाला. जो मार्टिन नावाचा तो गोरा पोलीस फावल्या वेळात मुलांना मुष्टियुद्ध शिकवत असे. आधी लढायला शीक, असे त्याने सांगितले. सहा वर्षांनी, १९६० मध्ये, त्या मुलाने रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर लुइव्हिलच्याच अकरा गोऱ्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन त्याच्या शिक्षणाचा आणि उपजीविकेचा भार उचलला. आता हाच मुलगा १८७८ मध्ये, म्हणजे जॅक जॉन्सनच्या जन्मवर्षी, जन्मला असता तर? त्या काळी दक्षिणेत पाच-सहा कृष्णवर्णीय मुलांना, कधी डोळे बांधून, एकाच रिंगणात सोडून देत. शेवटी जो उभा राही त्याच्याकडे प्रेक्षक नाणी फेकत. जॉन्सनसारख्यांची शाळा ती होती.

शाळेतून तावून निघाल्यावरही दार बंदच होते. सलिव्हनने कृष्णवर्णीयांशी लढणार नाही असे उघड जाहीर केले होते. ऑस्ट्रेलियात नावारूपास आलेला पीटर जॅक्सन २१ मे १८९१ रोजी जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला; लढत अनिर्णित राहिली. पुढच्याच वर्षी कॉर्बेटने सलिव्हनला हरवून किताब घेतला. जॅक्सनला किताबाची लढत कधीच मिळाली नाही. १९०१ मध्ये क्षयाने त्याचे निधन झाले. टॉमी बर्न्सचा पाठलाग करीत जॉन्सन ऑस्ट्रेलियापर्यंत गेला, तेव्हा कोठे २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे लढत झाली. बर्न्सला तीस हजार डॉलर आणि जॉन्सनला पाच हजार, असा सौदा होता. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि जॉन्सन जगज्जेता ठरला. १९१० मध्ये त्याने जेफरीजला हरवले, तेव्हा अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली उसळून माणसे मेली. १९१३ मध्ये त्याला एका अन्यायी खटल्यात शिक्षा झाली. तिची माफी राष्ट्राध्यक्षांकडून मिळाली ती २०१८ मध्ये, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी. १९१५ पासून पुढे २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीयास या गटाच्या किताबासाठी लढू दिले गेले नाही. १९३७ मध्ये जो लुईसला संधी मिळाली, ती त्याच्या हितचिंतकांनी घातलेल्या पथ्यांसह: हरलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे विजयाचा तोरा मिरवायचा नाही, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही. पडलेल्या सॉनी लिस्टनवर ओरडणाऱ्या अलीचे १९६५ मधील छायाचित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तोच अली १९३७ मध्ये कल्पून पाहावा. त्याचे हात चालले असते. जीभ चालू दिली नसती.

अलीच्या स्वतःच्या काळानेही त्याला मोकळे सोडले नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. व्हिएतनाम युद्धात जाण्यास नकार दिल्याबद्दल १९६७ मध्ये त्याचा किताब काढून घेतला गेला आणि साडेतीन वर्षे तो लढू शकला नाही. परंतु त्याला न्यायालयात दाद मागता आली, आणि २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. फरक एवढाच होता. पण तो एका आयुष्याएवढा होता.

सारांश, आमचे उत्तर असे: १९१० च्या रिंगणात अली थोरच ठरला असता, मात्र रिंगणापर्यंत पोहोचला असता की नाही, याची खात्री कोणी देऊ नये.

या वाचनात आमच्या मनात घर करून राहिला तो मात्र अली नव्हे. तो सॅम लँगफोर्ड. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात जन्मलेला, जेमतेम साडेपाच फूट उंचीचा हा कृष्णवर्णीय योद्धा आपल्याहून कितीतरी वजनदार लोकांशी लढत राहिला. १९०६ मध्ये तो जॉन्सनकडून पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर हरला. जॉन्सन पुढे जगज्जेता झाला; पण त्याने लँगफोर्डला किताबाची लढत एकदाही दिली नाही. गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांशी लढण्यात पैसा अधिक होता. स्वतः ज्या बंद दारावर वर्षानुवर्षे धडका दिल्या, ते दार जॉन्सनने आत गेल्यावर आतून लावून घेतले, हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. लँगफोर्डची दृष्टी लढता लढता गेली. १९४४ मध्ये एका पत्रकाराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका खोलीत आंधळा आणि निष्कांचन असा सापडला. त्या पत्रकाराच्या लेखामुळे वर्गणी जमली आणि त्याची अखेरची वर्षे पोटाची चिंता न करता गेली. १९५६ मध्ये तो वारला.

अलीला मागे नेण्याचा खेळ सारे खेळतात. लँगफोर्डला पुढे आणण्याचा खेळ फारसा कोणी खेळत नाही. वास्तविक तोच प्रश्न अधिक मोलाचा आहे. हा माणूस खुल्या दारांच्या काळात जन्मला असता तर काय झाला असता?

आपल्या घराघरांत असे प्रश्न जेवणाच्या ताटावर येतात. आमच्या धर्मग्रामात एक आजीबाई आहेत. शाळा लांब होती आणि धाकटी भावंडे सांभाळायची होती, म्हणून त्यांची शाळा चौथीत सुटली. त्यानंतर चाळीस वर्षे त्यांनी भाजीच्या टोपल्या पहाटेच्या गाडीने मुंबईस नेल्या आणि दामदुपटीचा हिशेब कागदाला न शिवता तोंडी केला. त्यांची नात आज सनदी लेखापाल आहे. घर आशीर्वादित करावयास आम्ही गेलो असता घरातील मंडळी कौतुकाने नातीला म्हणत होती, “आजीच्या काळी तू टिकली नसतीस हो!” नात हसली. आजीबाईही हसल्या. मग नात म्हणाली, “आणि आजी माझ्या काळी असती तर?”

यावर कोणी काही बोलले नाही. आजीबाईंनी पदराला हात पुसले आणि आमच्यासाठी चहा ठेवावयास त्या आत गेल्या.