संशयास्पद अटॅचमेंटची परीक्षा : रांजणगाव-कुरकुंभच्या संदर्भात

शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींतील मोठ्या कारखान्यांना फॅब्रिकेशन, पॅकिंग, वाहतूक पुरवणाऱ्या लहान व्यावसायिकांकडे कोटेशनची मागणी, पर्चेस ऑर्डर, ड्रॉइंग हे सारे ई-मेलच्या अटॅचमेंटमधूनच येत असल्यामुळे, ‘अनोळखी अटॅचमेंट उघडू नका’ हा सल्ला त्यांच्या काही कामाचा नाही. नवे गिऱ्हाईक अनोळखीच असते.

ओळखीच्या नावाचीही खात्री नाही. मार्च १९९९ मध्ये पसरलेला मेलिसा व्हायरस बाधित संगणकाच्या पत्त्यांच्या यादीतील पहिल्या ५० जणांना स्वतःच मेल धाडीत असे, आणि पुढे इमोटेट या मालवेअरने तर मेलबॉक्समधील जुना, खरा पत्रव्यवहार उचलून त्याच्याच उत्तरात बाधित वर्ड फाइल जोडण्याची रीत रूढ केली. तरीही स्पेलिंगच्या चुकांवरून खोटा मेल ओळखावा असे अजून शिकवले जाते, याचे नवल वाटते; ही कसोटी लावल्यास पर्चेस विभागांचे कित्येक अस्सल मेल बाद करावे लागतील.

म्हणून पाठवणाऱ्यापेक्षा फाइलची जात पाहणे महत्त्वाचे. नावातील शेवटच्या टिंबापुढची अक्षरे, म्हणजे एक्स्टेन्शन, ही जात सांगतात. परंतु विंडोज परिचित एक्स्टेन्शन मुळातच लपवून ठेवते, त्यामुळे ‘ऑर्डर डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल पडद्यावर साळसूदपणे ‘ऑर्डर डॉट पीडीएफ’ अशी दिसते. मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ व्हायरस याच युक्तीवर पसरला, आणि तरीही ही सोय आजतागायत तशीच ठेवली गेली आहे. नाव आणि चित्र बदलता येते, फाइलचा आरंभ मात्र सहसा खोटे बोलत नाही: डबल-क्लिक न करता, आधी नोटपॅड उघडून त्यातून फाइल पाहिल्यास, विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘एमझेड’ ही रोमन अक्षरे आढळतात, जी ही रचना करणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरे आहेत, पीडीएफ टक्केचिन्हाने सुरू होते, तर झिप ‘पीके’ने. नव्या वर्ड-एक्सेल फाइलीही आतून झिपच असल्याने त्यांच्याही आरंभी ‘पीके’च दिसते, हे तपशिलाचे झाले, परंतु त्यावरून घाबरून जाणारे पुष्कळ असतात.

पासवर्ड लावलेली झिप आणि तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये, हे लक्षण सर्वांत ठळक मानावे. कुलपालाच किल्ली बांधून ठेवण्याच्या या प्रकारात गुप्तता राखणे हा हेतू नसून अँटिव्हायरसला आत डोकावू न देणे हा असतो. बँकांच्या पासवर्डयुक्त स्टेटमेंटमुळे लोकांना अशा फाइलींची सवय झाली आहे. पण तेथे पासवर्ड कसा बनवावा एवढेच सांगितलेले असते, हा फरक कोणी समजावून देत नाही. मॅक्रो, म्हणजे ऑफिस फाइलीत दडवलेला छोटा प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींसाठी २०२२ पासून मुळातच बंद ठेवल्यावर हल्लेखोर शॉर्टकट, आयएसओ आणि वननोट फाइलींकडे वळले. ‘अँटिव्हायरस आहे ना’ या उत्तरापुढे तज्ज्ञही थकतात, कारण पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या धंद्यातून उभी राहिलेली क्विक हील असो वा परदेशी कंपनी, नव्याने गुंडाळलेली फाइल ओळखायला कोणालाही काही अवधी लागतोच.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून मालवेअरच्या साहाय्याने सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. ‘आमच्याकडे काय आहे चोरण्यासारखे’ असे म्हणणाऱ्या वर्कशॉपमालकाला तो बँकांचाच प्रश्न वाटतो. पण त्याचा मेलबॉक्स हल्लेखोरांच्या ताब्यात आला की त्याच्याच बिलावर दुसरा खातेक्रमांक घालून ते कारखान्याकडे पाठवता येते, आणि पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ कळवण्याऐवजी संगणक आधी दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून’ आणला जातो, ज्यात कोणत्या फाइलीने घात केला याचा पुरावाही पुसला जातो.