आंबोलीचा पाऊस व मोटारीचे दिवे

आजऱ्याहून सावंतवाडीस जाणाऱ्या प्रवाशास आंबोलीची वर्दी गांव येण्यापूर्वींच मिळते. हवेंत एकाएकीं गारवा येतो, झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ दिसूं लागतें, आणि भर दुपारीं समोरील मोटारी दिवे लावून येतात. सुमारे 690 मीटर उंचीवरील या गांवीं वर्षाकाठीं 7000 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. पुण्याच्या वाट्यास याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. हिरण्यकेशीचा उगम आणि घाटांतील धबधबा यांचीं वर्णनें पुष्कळांनीं केलीं आहेत. मला सांगावयाचें आहे तें निराळें.

घाटाचा उतार लागला कीं धुक्यांत रस्त्याची कड दिसेनाशी होते. मग दिवा केवळ आपल्या सोयीचा राहत नाहीं. खालून चढणाऱ्या एस. टी.च्या चालकास आपण आहोंत हें कळविणारें तेवढेंच साधन उरतें. नेमका तेथेंच आमचा डावा दिवा विझला. पाहतों तों आंत बोटभर पाणी! निघण्यापूर्वीं एका कारखान्यांत याच दिव्याच्या सांध्यांवर, भोकांवर, सिलिकोनचा जाड लेप देण्यांत आला होता. एका दिव्यावर घाट उतरतांना कुटुंबांतील मंडळी अगदीं गप्प होती.

सावंतवाडीच्या मिस्त्र्यानें तो लेप पाहिला आणि हंसून म्हणाला, “दिव्याकय वारो लागता!”

त्याचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. दिवा तापला कीं आंतील हवा फुगून बाहेर पडते. पावसानें तो एकदम निवाला कीं ती आकसते व बाहेरची हवा आंत ओढते. यासाठींच पाठीमागें श्वासछिद्रें ठेविलेलीं असतात. तीं बुजविलीं म्हणजे दिवा बारीकशा भेगेंतून श्वास घेतो, आणि तेथें साचलेलें पाणीहि ओढतो. काचेवर नुसती वाफ धरली व दिवा लावल्यावर निघून गेली, तर काळजी नको. पाणी साचलें तर मात्र वाट शोधलीच पाहिजे.

मिस्त्र्यानें प्रथम बॅटरीची तार सोडली, दिवा काढून पाणी ओतलें, कोमट हवेनें तो वाळविला. नंतर छिद्रें मोकळीं केलीं. पुढें तीं क्षणभर बोटांनीं झांकून, सांध्यावर साबणाचा फेस लावून त्यानें आंत हळूच हवा फुंकली; वरच्या कडेस बुडबुडे आले. तेवढाच भाग खरवडून त्यानें नवा लेप भरला, मागची चिरलेली रबरी टोपी बदलली, खिळ्यांवरील हिरवट गंज घांसला. आंतल्या चकचकीत परावर्तकास मात्र त्यानें फडकें लावूं दिलें नाहीं. त्यावरील ॲल्युमिनियमचा मुलामा पुसला कीं संपला. पेट्रोलहि नको, कारण आपण जिला काच म्हणतों ती पॉलिकार्बोनेटची असते आणि तिला तडे जातात.

लेप वाळावयास रात्र हवी होती. ती संध्याकाळ चितारआळींतील रंगीत लाकडी फळें पाहण्यांत गेली.

एल. ई. डी. दिव्यांची काच फारशी तापत नाहीं, म्हणून त्यांत धरलेली वाफ अधिक काळ टिकते. आंतील मंडल बिघडलें तर बहुधा सबंध दिवाच बदलावा लागतो. आंबोलीस निघण्यापूर्वीं अंगणांत दिवे पेटवून तापूं द्यावे, विझवून नळीनें पाणी मारावें, आणि तासाभरानें आंत पाहावें.