कच्छची दैनंदिनी : खाऱ्यावर तरंगणारं गोडं पाणी

सोमवार, दादर

दुपारची सयाजीनगरी एक्स्प्रेस पकडली. दादरहून सुटते ती थेट भुजला पोचवते. आमच्या गल्लीतले धान्याचे दुकानदार मूळचे कच्छचे; त्यांचे आजोबा दुष्काळात मुंबईला आले. एप्रिलमध्ये निघालेय म्हटल्यावर म्हणाले, "ताई, रणोत्सवात तंबू बघायला मिळतात. कच्छी माणूस कसा जगतो ते बघायचं तर उन्हाळाच." मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कच्छात साडेतीनशे-चारशे, आणि तोही एखाद्या वर्षी पाठ फिरवतो.

मंगळवार, भूज

सकाळी हमीरसर तलावावर गेले. आसपासचं पाणी कालव्यांनी वळवून जुन्या राजवटीत या तलावाची सोय केली गेली. पावसाळ्यात तो भरून ओसंडला की भुजला सुट्टी जाहीर होते, पाण्याची पूजा होते, मेघलाडू वाटतात. आत्ता पाणी खाली गेलेलं. काठावर बसलेल्या आजोबांना विचारलं, तर तलाव कोणकोणत्या साली भरला ते त्यांनी घरातल्या मुलांच्या जन्मसालांसारखं सांगितलं.

बुधवार, बन्नी

रणाला लागून असलेलं सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं गवताळ रान. मुक्काम एका मालधारी कुटुंबाच्या भुंग्यात. गोल, जाड मातीच्या भिंती आणि वर गवताचं निमुळतं छप्पर. बाहेर अंग भाजत होतं, आत पंख्याशिवाय बसवत होतं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कितीतरी पक्की घरं कोसळली, पण असे अनेक भुंगे टिकले. गोल भिंतीत धक्का विभागला जातो.

संध्याकाळी घरातल्या चाचांनी विरडा दाखवला. आटलेल्या तळ्याच्या तळाशी खणलेला, लाकडांनी आणि गवताने बांधून घेतलेला खड्डा. जमिनीखाली सगळं खारं पाणी. पावसाचं पाणी त्याहून हलकं, म्हणून ते मुरलं तरी खाऱ्यावर तरंगत राहतं आणि विरड्यात झिरपतं. "लोभ केला की खालचं वर येतं," चाचा म्हणाले. मग तो विरडा सोडून दुसरा खणायचा. या हिशेबावर इथली माणसं आणि गुरं पिढ्यान् पिढ्या तगली.

अंधार पडल्यावर म्हशी चरायला निघाल्या. दिवसाचं ऊन टाळून रात्री चरणाऱ्या या बन्नी म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. दूधसंकलन गावापर्यंत आल्यापासून घरात रोकड येते, असं चाचींनी सांगितलं.

गुरुवार, खावड्याची वाट

रस्त्याच्या दोन्ही अंगांना गांडो बावळ. खारं रण पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात वनखात्याने ही परदेशी झाडं लावली. ती पसरली आणि गवताची जागा गिळत गेली. त्यांचा कोळसा करून काही घरं पोट भरतात, पण चराईचं रान आकसलं.

त्यापुढे खावड्याचा ऊर्जा प्रकल्प : ७२६ चौरस किलोमीटर जमीन, ३०,००० मेगावॉटचं उद्दिष्ट. ऊन आणि वारा ही इथली मोठी संपत्ती आहे. ती वापरलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पण गांडो बावळ लावणाऱ्यांचाही हेतू चांगलाच होता. गुरं कुठून जातात, पाणी कुठे मुरतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वेळी तरी आधी विचारायला हवं.

शनिवार, छोटं रण

आज अगरियांच्या झोपडीत. पावसाळा सरला की ही कुटुंबं रणात उतरतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यांत आटवायचं आणि मीठ पिकवायचं. हंगाम व्यापाऱ्याच्या उचलीवर सुरू होतो, आणि त्यातला मोठा वाटा पंपाच्या डिझेलवर जळायचा. आता सरकारी अनुदानातून सौरपंप आले आहेत. "बेन, डिझेलचा पैसा वाचला, म्हणून मुलीला वसतिगृहात ठेवता आलं," घरची बाई म्हणाली.

खावड्यातलं आणि इथलं ऊन एकच. इथे ते राबणाऱ्याच्या मालकीच्या पंपावर पडतं, म्हणून त्याची कमाई त्याच घरात राहते. वाळवंटातल्या प्रत्येक नव्या योजनेकडे मी आता याच कसोटीवर बघणार आहे.

पुढच्या भागात : समुद्रात पोहत तिवरांपर्यंत जाणारे खाराई उंट आणि त्यांचे पालक.