चौसष्ट नंबरचा प्रश्न

माझ्या लहानपणी गांजाचा विषय दोनच ठिकाणी निघत असे: ओढ्याकाठच्या बैराग्याच्या मठीत आणि पोलीस चौकीत. त्यावर चारचौघांनी उजळ माथ्याने मत द्यावे आणि सरकारने ते मोजावे, हे पाहण्याचा योग मला २०१६ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आला. मी तेव्हा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी ताईकडे गेलो होतो.

त्या ८ नोव्हेंबरला तिथे राष्ट्राध्यक्ष निवडायचा होताच. शिवाय राज्यापुढचे सतरा प्रश्न मतदारांनी स्वतःच निकालात काढायचे होते. फाशी ठेवावी का, सिगारेटवर कर वाढवावा का, दुकानदाराने प्लास्टिकची पिशवी द्यावी का! घरोघर आलेले माहितीपुस्तक दोनशे पानांच्या वर. (आमचे विद्यार्थी नेमलेली कादंबरीदेखील एवढी वाचत नाहीत.) त्यात चौसष्ट नंबरचा प्रश्न गांजाचा. एकवीस वर्षांच्या माणसाला साडेअठ्ठावीस ग्रॅम जवळ बाळगू द्यावा, घरी सहा रोपे लावू द्यावीत, विक्रीवर पंधरा टक्के कर घ्यावा. औषध म्हणून परवानगी १९९६ पासूनच होती. सरसकट मोकळीक मात्र २०१० साली मतदारांनी नाकारली होती.

फराळाची ताटे घेऊन मी ताईबरोबर शेजारी हिंडलो. चकली तोंडात पडली की शेजारी बोलते होत. डावीकडचे आजोबा मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची बायको कर्करोगाने गेली. शेवटच्या महिन्यांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणलेल्या गांजामुळेच तिला दोन घास जात, असे ते म्हणाले. त्यांचे मत ठरलेले. पलीकडे घरे रंगवणारा एक गृहस्थ राहतो. तरुणपणी गांजापायी त्याला शिक्षा झाली होती आणि नोकरीच्या प्रत्येक अर्जाला ती आडवी येई. प्रस्ताव मंजूर झाला तर अशी जुनी शिक्षा कमी करून घ्यायला किंवा पुसून टाकायला कोर्टात अर्ज करता येणार होता. स्वतःच्या मुलीने मात्र त्या वस्तूला हातही लावू नये, असे त्याने दोनदा बजावून सांगितले. समोरच्या शिक्षिकाबाई ठाम विरोधात. दुकान नको म्हणण्याचा अधिकार गावाला आहे, हे त्यांना ठाऊक होते. “पण शेजारच्या गावाचे काय? माझी मुले तिथवर सायकलने जातात,” त्या म्हणाल्या.

सर्वांत मोठ्याने मत मांडणारे आमचे दाजी. ग्रीन कार्डवाले असल्यामुळे त्यांना मत नव्हते! शिवरात्रीची भांग, १९८५ चा आपला कायदा, त्यात फुलोऱ्याचे शेंडे तेवढे गांजा आणि नुसते पान वगळलेले, हे सारे बाईंना समजावताना त्यांची चांगलीच तारांबळ उडाली.

भाचा गप्प होता. त्याला त्याच महिन्यात एकविसावे लागले होते. शेवटी बाईंना तो म्हणाला, “पास झाले तरी ते माझ्यासाठी नाही.” राज्याने मोकळीक दिली तरी केंद्राच्या कायद्याने गांजा गुन्हाच राहणार होता, आणि परदेशी नागरिकाने तो ओढल्याची नुसती कबुली दिली तरी नागरिकत्वाचा अर्ज अडू शकत होता. वर्गातल्या मित्रांना जे चालेल त्याने या मुलाचे उभे आयुष्य बदलले असते. ताईला त्या धास्तीने झोप येत नव्हती. बाईंना हे नवीनच होते; त्या काही न बोलता ताट घेऊन आत गेल्या.

मतदान मागच्या गल्लीत, एका घराच्या गॅरेजमध्ये. मोटार बाहेर, मतपेटी आत. त्याच सकाळी साडेसहाला आमच्या पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्याची बातमी येऊन थडकली. तिथे पिशवीबद्दलसुद्धा विचारत होते; आम्हाला पाकिटाबद्दलही कुणी विचारले नव्हते. दाजी आणि मी रस्त्याच्या या कडेला उभे राहून रांग पाहत होतो.

शंभरातल्या सत्तावन्न मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. (उघड दुकाने १ जानेवारी २०१८ ला सुरू झाली.) दोन दिवसांनी बाई ताट परत करायला आल्या. रिकामे नव्हते, त्यात केक होता.

“मी विरोधात मत दिले,” त्या ताईला म्हणाल्या. “तुमच्या मुलाची गोष्ट आधी कळली असती तरी तेच दिले असते. पण आधी तुमच्याकडे येऊन गेले असते.”

ताईने त्यांना आत बोलावले आणि चहाचे आधण ठेवले.