हिमक्रीडा आणि अधिकारविचार

वरळीच्या रहिवाशानें बर्फाच्या डोंगराविषयीं लिहावें, हें वाचकांस कदाचित् विसंगत वाटेल. येथें समुद्राची लाट पायांशीं येते आणि उंच म्हणावी अशी काय ती एक टेकडी. परंतु हल्लीं पुष्कळ घरांतून तरुण मंडळी पौष-माघांत स्की खेळावयास काश्मीराकडे निघतात. गेल्या माघांत दोन नातवंडांबरोबर मीहि गुलमर्गास जाऊन आलों. तेथें जें पाहिलें व जाणत्यांकडून ऐकलें, तें घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या उपयोगी पडावें म्हणून येथें देत आहें.

आपले शास्त्रग्रंथ आरंभींच विचारतात कीं, ह्या विषयाचा अधिकारी कोण? तोच प्रश्न पर्वताच्या पायथ्याशीं विचारावा. गुलमर्ग सुमारें २६५० मीटर उंचीवर आहे. गांवालगतच्या कुरणांतील सौम्य उतार नवशिक्यांचे. तेथून १९९८ सालीं सुरू झालेला गोंडोला नांवाचा रज्जुमार्ग कोंगडोरीस, सुमारें ३०८० मीटरपर्यंत नेतो. २००५ सालचा दुसरा टप्पा अफरवटाच्या खांद्यावर, सुमारें ३९५० मीटरवर पोंचवितो. तेथील बर्फ बहुतांशीं न दाबलेला, खोल व भुसभुशीत असतो. रज्जुमार्ग सर्वांस सारखाच वर नेतो. खालीं मात्र ज्यानें त्यानें आपल्याच विद्येवर यावयाचें.

साधनांतहि हाच विचार. प्रथम बूट पाहावा. टांच घट्ट बसावी, गुडघा वांकवितांच बोटें मोकळी व्हावीं, आणि मोजा एकच असावा. स्की म्हणजे पायांस जोडावयाच्या लांब फळ्या. नवशिक्यानें हनुवटीएवढ्या व लवचिक घ्याव्या. वेगानें जाणाऱ्या मुरलेल्यास अधिक लांब व ताठ चालतात. दाबलेल्या बर्फावर अरुंद फळी चटकन् वळते, खोल बर्फांत रुंद फळी तरंगते. बूट धरून ठेवणारी पकड पडतांना सुटली नाहीं, तर पाय मोडतो. ती वजन, वय व कौशल्य पाहून बसवितात. म्हणून दुकानदारास वजन कमी व कौशल्य अधिक सांगूं नये. शिरस्त्राण अवश्य घ्यावें. हें सारें तेथें भाड्यानें मिळतें; प्रथमच विकत घेण्याचें कारण नाहीं.

आमचा थोरला नातू दुसऱ्याच दिवशीं अफरवटावर निघाला. "आजोबा, मी वरळीच्या किनाऱ्यावर रोज दहा किलोमीटर धावतों!" असें त्याचें म्हणणें. शिक्षकानें शांतपणें एवढेंच सांगितलें, "आधीं दोन्ही बाजूंस वळून दाखव, आणि मी म्हणेन तेथें थांबून दाखव." तें त्यास साधलें नाहीं. धाकट्या नातीला, आखूड फळ्यांवर, चौथ्या दिवशीं साधलें. सहाव्या दिवशीं दोघेंहि कोंगडोरीच्या उतारावर गेलीं. अफरवट पुढील खेपेस ठेविला.

हा भित्रेपणा नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्यें गुलमर्गाच्याच वरच्या भागांत हिमस्खलन होऊन एका रशियन पाहुण्याचा अंत झाला. अशा ठिकाणीं जाणत्या वाटाड्यावांचून जाऊं नये; तसेंच गाडलेल्याचा ठाव देणारें यंत्र, शोधकाठी व फावडें प्रत्येकाजवळ असावें, आणि तीं वापरतांहि यावीं.

तात्पर्य, मुलांस परवानगी देतांना "किती उंच जाणार?" हा प्रश्न मागाहून विचारावा. "थांबतां येतें काय?" हा आधीं विचारावा.