गणिताच्या विद्यार्थिनींसाठी थोडेसे

उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या आमच्या मुली बी.एस्सी.ला गणित घेतात, तेव्हा त्यांची अडचण हुशारीची नसते. 'मुसल्लस'चा 'ट्रँगल' अकरावीतच झालेला असतो. पण शाळेत उत्तर काढायचे असते, विद्यापीठात सिद्ध करायचे असते. एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या समोर आली की काहीजणी गणितच सोडायला निघतात.

अशा मुलींना आम्ही काही साधने सुचवतो. रिअल अ‍ॅनालिसिससाठी बार्टल आणि शेरबर्ट यांचे पुस्तक ग्रंथालयातून घ्यावे आणि त्यातली प्रत्येक व्याख्या उर्दूत किंवा मराठीत, आपल्या शब्दांत लिहून काढावी. लिनिअर अल्जिब्रावरची एमआयटीचे निवृत्त प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्याने मोबाईलवर मोफत पाहता येतात. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटेलचे वर्गही मोफत आहेत. फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेला. १९९३पासून चालत आलेल्या एमटीटीएस या उन्हाळी शिबिरासाठीही अर्ज करावा. तिथे पाठांतरापेक्षा प्रश्न विचारण्यावर भर असतो.

मात्र व्हिडिओ पाहून समजल्यासारखे वाटते, तेवढ्याने गणित येत नाही. तो थांबवून सिद्धता वहीत स्वतः लिहावी लागते.

पालकांना एक विनंती. 'अल्जिब्रा' हा शब्द अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून आला आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. मग मुलगी मोबाईल आणि वही घेऊन बसली, तर तिला लगेच कामाला हाक मारू नये. रोज दोन तासांचा निवांत कोपरा तिला घरातच मिळायला हवा.