गळ्यातलं ओझं

वाण्याच्या तराजूवर काकूंनी दुर्बीण ठेवली, तेव्हा दुकानातली गिऱ्हाइकं हसली. आकडा मात्र हसण्यासारखा नव्हता. पट्ट्यासकट साडेनऊशे ग्रॅम! म्हणजे साखरेच्या किलोच्या पुड्याला जेमतेम पन्नास ग्रॅम कमी. तो पुडा कुणी सुतळीला बांधून चार तास गळ्यात अडकवून फिरेल का? काकू बावीस वर्षं फिरत होत्या.

दुर्बीण मुळात काकांची. दहा बाय पन्नासची, जुन्या पद्धतीची, खांद्यांशी रुंद असलेली. थंडी सुरू झाली की नाशिकहून पहाटे निघायचं आणि उजाडता उजाडता नांदूर मध्यमेश्वर गाठायचं, हा दोघांचा नेम. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणी २०२० साली रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. पण यांना त्याआधी कितीतरी वर्षं तिथली बदकं ओळखीची होती. पुढे काचबिंदूनं काकांची नजर हळूहळू नेली आणि दुर्बीण काकूंच्या गळ्यात आली. नेम मोडला नाही. काकू बघायच्या, सांगायच्या; काका ऐकून पक्षी ओळखायचे.

मग काकूंची मान दुखू लागली. आधी त्यांनी उशी बदलून पाहिली, मग तेल. शेवटी उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा डॉक्टरकडे जाणं आलं. डॉक्टरांनी मणक्याची झीज सांगितली, व्यायाम दिले आणि मानेवर वजन लटकवायला साफ मनाई केली. काकू घरी येऊन म्हणाल्या, ‘‘पुरे झाले आता पक्षी.’’ काका काहीच बोलले नाहीत. पण पुढच्या दोन रविवारी ते नेहमीसारखे पहाटे उठले, आंघोळ केली आणि गॅलरीत नुसते बसून राहिले. काकूंना ते बघवेना.

भाच्याला हे कळलं तेव्हा त्यानं पक्षिमित्रांकडून तीन दुर्बिणी मागून आणल्या. काकूंची अट एकच. दोन मिनिटं डोळ्याला लावून मत देणार नाही. प्रत्येक दुर्बीण तासभर अंगावर वागवून सांगणार. ही अट फार शहाणपणाची होती. दुकानात सगळ्याच दुर्बिणी हलक्या वाटतात. त्यांचं खरं वजन कळायला तिसरा किलोमीटर उजाडावा लागतो.

पहिली आठ बाय पंचवीसची. तीनशे ग्रॅमची, पर्समध्ये मावणारी. मानेला तर पत्ताच लागला नाही! पण पहाटेच्या अंधुक उजेडात पाण्यावरचं सगळं करडं दिसायचं. पुढच्या भिंगाचा आकडा पटीनं भागला की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याची रुंदी मिळते. पंचवीसला आठानं भागलं तर जेमतेम तीन मिलिमीटर. त्यात काकूंना चष्मा. डोळा केसभर सरकला की समोर काळोख.

दुसरी आठ बाय बेचाळीसची, सरळ नळ्यांची, सातशे ग्रॅमच्या आतबाहेर. चित्र असं लख्ख की काकू हरखल्या. तासाभरानं मात्र हात आपोआप मानेकडे गेला.

तिसरी आठ बाय बत्तीसची, साडेपाचशे ग्रॅमची. ठिपका चार मिलिमीटरचा. तसंही वय वाढलं की डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही, त्यामुळे मोठ्या भिंगाचा सगळाच प्रकाश पदरात पडतो असं नाही. पट दहाऐवजी आठ, म्हणून चित्र थरथरतही कमी होतं. एका हातात ती छान बसायची आणि दुसरा हात काकांना धरायला मोकळा राहायचा. काकूंच्या लेखी हा गुण सगळ्यात मोठा. कुठल्याही माहितीपत्रकात तो छापलेला नसतो.

पण साडेपाचशे ग्रॅम तरी मानेवर का? काकूंचा जुना पट्टा बोटभर रुंदीचा, मंगळसूत्रात अडकणारा आणि इतका लांब की दुर्बीण पोटावर आपटत राही. पट्टा आखूड करून दुर्बीण छातीशी आणली तेव्हा झोका थांबला. तिरपा, एका खांद्यावरून घेतला तेव्हा मान सुटली, पण खांदा भरून आला. शेवटी भाच्यानं पाठीवर फुलीसारखे जाणारे दोन्ही खांद्यांचे पट्टे आणले. ‘‘हे काय, घोड्याचा साज?’’ काकू म्हणाल्या. ऊन चढल्यावर स्वेटर काढायचा तर आधी सगळं सोडवावं लागतं, आणि साडीवर ते धड बसतच नाही. पण पंजाबी ड्रेसवर ते चढवून त्या दोन तास चालल्या आणि मानेची आठवण झाली नाही.

खरी अडचण काकांची होती. नवी दुर्बीण हातात घेऊन त्यांनी चाचपून पाहिली. ‘‘आठच पट? लांबचं कसं दिसणार तुला?’’ एवढंच म्हणाले. जुनी दुर्बीण माळ्यावर टाकायला काकूंचं मन होईना, आणि काकांचं तर नाहीच नाही.

जानेवारीतल्या रविवारी दोघं पुन्हा निघाली. जुनी दुर्बीण काकांच्या खांद्यावर होती. आपणच घेतो म्हणाले. मनोऱ्यावर पोचल्यावर काकूंनी ती कठड्यावर ठेवली, खाली तांदळाची छोटी पिशवी टेकवली. मानेवर भार नाही, हात थरथरत नाहीत, आणि पलीकडच्या काठापर्यंत दहा पट! जवळचं नव्या दुर्बिणीतून, दूरचं जुन्यातून.

‘‘लव्हाळ्याच्या पुढे एक बदक आहे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘डोकं हिरवं, छाती पांढरी.’’

‘‘चोच कशी आहे?’’

काकूंनी वाकून, डोळा जमवून पाहिलं.

‘‘रुंद. फावड्यासारखी.’’

‘‘थापट्या,’’ काका म्हणाले. ‘‘मादी जवळच असेल बघ.’’